गोळी टाळून मद्य घेण्याबद्दल

मनोविकारांवरील औषधे घेणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या ‘संध्याकाळी मद्य घ्यायचे असेल, तर त्या दिवसाची गोळी टाळावी’ या सल्ल्याशी मी सहमत नाही. आपल्याकडे घबराटीसाठी व झोपेसाठी सर्रास दिले जाणारे क्लोनाझेपाम रक्तात निम्मे होण्यासच साधारण ३० ते ४० तास लागतात. त्यामुळे आदल्या दिवसाचे औषध शरीरात असतेच, आणि ते व मद्य ही दोन्ही मेंदूतील गाबा या शामक रसायनाचाच परिणाम वाढवत असल्याने, एरवी सहज पचणाऱ्या दोन पेगांतही तोल जाणे, रात्रीचे काहीच न आठवणे, प्रसंगी श्वास मंदावणे असे प्रकार घडू शकतात. (‘मला चढत नाही’ ही फुशारकी येथे निरुपयोगी आहे.) मनःस्थितीतील टोकाचे चढउतार आवरण्यासाठी दिल्या जाणाऱ्या लिथियमचा धोका निराळा आहे: मद्यामुळे लघवी वाढून शरीरातील पाणी घटले, की रक्तातील लिथियमची पातळी विषारी मर्यादेकडे सरकू शकते. डायसल्फिराम तर मद्य सोडवण्यासाठीच देतात. ते बंद केल्यावरही सुमारे १४ दिवसांपर्यंत, मद्यांश असलेल्या खोकल्याच्या औषधानेसुद्धा चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड असा त्रास होऊ शकतो. म्हणूनच रुग्णाला न सांगता ते जेवणात मिसळण्याचा घरगुती उपाय मला सर्वांत घातक वाटतो.