संवेदनशीलता, प्रवणता की प्रतिकारशक्तीचा अभाव?

प्रश्न : क्षय आणि कुष्ठरोग ज्या गणातील जीवाणूंमुळे होतात, त्या मायकोबॅक्टेरियांचा संसर्ग काही व्यक्तींना जनुकीय कारणांमुळे सहज जडतो. या गुणधर्माला ‘जनुकीय संवेदनशीलता’ म्हणावे, ‘आनुवंशिक प्रवणता’ म्हणावे, की सरळ ‘प्रतिकारशक्तीचा अभाव’ म्हणून मोकळे व्हावे?

उत्तर : ‘संवेदनशील’ हा शब्द या विषयात आधीच अडकलेला आहे. ‘औषध-संवेदनशील क्षयरोग’ म्हणजे ज्याचे जीवाणू नेहमीच्या औषधांनी मरतात तो. तेव्हा एकाच परिच्छेदात जीवाणूही संवेदनशील आणि रुग्णही संवेदनशील झाला, तर पहिली बातमी चांगली आणि दुसरी वाईट, हे वाचकाने कसे ओळखावे?

‘प्रवण’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ उतरता, कललेला असा आहे, आणि तो येथे चपखल बसतो. उतार असला तरी पाणी आल्याशिवाय काही वाहत नाही. तसेच जनुकात दोष असला तरी जीवाणूशी गाठ पडल्याखेरीज रोग होत नाही. मात्र ‘संसर्गप्रवणता’ आणि ‘रोगप्रवणता’ यांत फरक करावा, कारण क्षयाच्या जीवाणूचा संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. जनुकांचा प्रभाव या दोन्ही टप्प्यांवर पडू शकतो.

प्रश्नकर्ता : ‘प्रतिकारशक्तीचा अभाव’ यात काय वावगे आहे? सामान्य वाचकाला तोच शब्द समजतो.

उत्तर : समजतो, पण भलतेच समजते. शरीराचे रक्षण करणारी भक्षक पेशी जीवाणूला गिळते आणि इंटरल्यूकिन-१२ हे संदेशद्रव्य सोडते. त्यामुळे टी-पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी या प्रतिकारक पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे दुसरे संदेशद्रव्य सोडतात, आणि ते भक्षक पेशीवरील ग्राहीला (संदेश पकडणाऱ्या रेणूला) चिकटले म्हणजे गिळलेला जीवाणू मारण्याची तिची ताकद वाढते. या साखळीतील एखादी कडी जन्मतः तुटलेली असली, तर बीसीजी लशीतील दुबळा केलेला जीवाणू किंवा माती-पाण्यातील एरवी निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियासुद्धा बालकाला गंभीर आजारी पाडू शकतो. इंटरफेरॉन-गॅमाच्या ग्राहीतील असा दोष १९९६ मध्ये प्रथम वर्णिला गेला. अशा अनेक बालकांना साल्मोनेला या दुसऱ्या जीवाणूचा त्रासही होतो, पण इतर बहुतेक जंतूंशी त्यांचे शरीर बऱ्यापैकी झुंजते. म्हणजे अभाव सरसकट नाही, नेमक्या एका वाटेवर आहे, आणि नेमकी तीच गोष्ट तुमच्या शब्दातून निसटते.

दुसरे उत्तर : वरील मताशी सहमत आहे, पण माझा आक्षेप ‘आनुवंशिक’ या शब्दाला आहे. तो वाचला की रोगच वारशाने आला असे लोक धरून चालतात. कुष्ठरोगाच्या बाबतीत ही समजूत विद्वानांचीही होती : नॉर्वेतील डॅनियलसेन आणि बेक यांनी १८४७ मध्ये तो आनुवंशिक असल्याचे प्रतिपादन केले, आणि त्याच देशात हॅन्सन यांना १८७३ मध्ये त्याचा जीवाणू दिसला. दोष वारशाने येतो, रोग संसर्गाने. शिवाय यांतील अनेक दोष अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तरच परिणाम दाखवणारे, असतात; आई आणि वडील दोघांकडे एकेक सदोष प्रत असते आणि दोघेही ठणठणीत असतात. त्यामुळे ‘आमच्या घराण्यात हे कोणालाच नाही’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. म्हणून मी ‘जनुकीय’ हाच शब्द वापरीन.

प्रश्नकर्ता : मग ‘दुर्मीळ जनुकीय रोगप्रवणता’ असे लिहितो.

पहिले उत्तरदाते : ‘दुर्मीळ’ सरसकट लिहू नये. ग्राहीतील दोष दुर्मीळ खरे, पण टायक-२ या जनुकाचे एक रूप असे आहे की जनुकाच्या दोन्ही प्रती त्याच रूपाच्या असल्यास क्षयाचा धोका वाढतो, असे २०१८ मध्ये दाखवले गेले; आणि युरोपीय वंशाच्या लोकांत तशी व्यक्ती साधारण ६०० मध्ये एक आढळते. तेव्हा एकाच जनुकातील दोषाबद्दल लिहीत असाल तर ‘एकजनुकीय रोगप्रवणता’ आणि अनेक जनुकांचा थोडाथोडा हातभार असेल तर ‘बहुजनुकीय’ असे लिहावे, आणि दुर्मीळपणाचा उल्लेख त्या-त्या दोषापाशीच करावा.