बाळाचं दूध पितळेच्या पातेल्यात: कल्हई असली तर चालेल?

दूधपातेलं:
पितळेची भांडी पुन्हा घरोघरी येतायत. मोठ्यांच्या भाजी-आमटीला कल्हईची खुशाल वापरा. पण बाळाचं वरचं दूध त्यात तापवूही नका, ठेवूही नका. कल्हई असली तरी. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या आणि ब्रिटनच्या संशोधकांनी 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' हा यकृताचा गंभीर आजार झालेल्या बाळांचा आहार तपासला. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातलं गाई-म्हशीचं दूध या बाळांना फार लवकर सुरू झालेलं होतं. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या ऊतीत तांबं साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं, या बाळांत ते ८०० च्या वर. पोट फुगतं, यकृत दगडासारखं घट्ट लागतं आणि कावीळ दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

अनुवंश:
सगळं खापर भांड्यावर का? तेव्हा पितळ घरोघरी होतं, आजार मात्र मोजक्या मुलांना झाला. ऑस्ट्रियाच्या टायरॉलमध्येही असाच आजार होता आणि तिथे तो ठरावीक घराण्यांत अनुवंशाने उतरलेला दिसला. तिथली भांडीही बिनकल्हईची होती. मग कल्हईवर बंदी कशासाठी? आणि तांब्यातलं पाणी तर लोक रोज पितात.

दूधपातेलं:
टायरॉलमध्ये भांडी बदलली आणि आजार गेला. जनुकं काही बदलली नव्हती. आपल्या बाळात ती आहेत की नाहीत, हे घरी कसं कळणार? पाण्याचं म्हणाल, तर साध्या पाण्यात तांबं कमी उतरतं. दुधातलं केसिन हे प्रथिन तांबं धरून ठेवतं, म्हणून तापवलेलं दूध तासन्‌तास पितळेत राहिलं की तांबं वाढत जातं. शरीर जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं आणि तान्ह्या बाळात तीच वाट अजून कच्ची असते. त्यात जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याचा मोठा साठा असतो.

कल्हईवाला:
कल्हईबद्दल सांगतो. भांडं स्वच्छ घासून तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील वितळवून कापसाने फिरवायचं. थर फार पातळ बसतो. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे रिकामं भांडं गॅसवर राहिलं की थर गेला. तारेच्या घासणीने आणि धातूच्या उलथन्यानेही तो झिजतो. तळाशी पिवळट-तांबूस डाग दिसला की भांडं लगेच बाजूला काढा. कथलात शिसं मिसळलेलं असेल तर डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि बाळाला शिसं तर अजिबात नको.

अनुवंश:
शिशाचा मुद्दा मान्य. पण शुद्ध कथलाची ताजी कल्हई धोक्याची आहे, हे अजूनही पटत नाही. आजच्या मुलांच्या यकृताला जास्त धोका साखरेचा आहे. साखरेतल्या जास्तीच्या फ्रुक्टोजची चरबी यकृतातच बनते. दोन वर्षांपर्यंत वरून साखर नकोच, तरी दुधात साखर आणि बिस्किट कुस्करून दिलं जातं. त्यावर कुणी धागा काढत नाही!

दूधपातेलं:
साखरेबद्दल शंभर टक्के सहमत. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर वरचं दूध लागलं तर स्टीलच्या पातेल्यात, बिनसाखरेचं. शुद्ध कथलाची खात्री घरी करता येत नसताना पितळेचा हट्ट कशाला?