एसएसडी असताना छोटा कॅश ड्राइव्ह घ्यावा का?

भटका_कोडर: लॅपटॉप २०१८चा आहे, आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम. गेल्या वर्षी हार्ड डिस्क काढून ४८० जीबीची साटा (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडी टाकली. एम-डॉट-टू स्लॉट (पट्टीसारखी ड्राइव्ह बसवायची खाच) रिकामाच आहे आणि ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे इंटेल ऑप्टेन मेमरीचं (मुख्य डिस्कपुढे लावून वारंवार लागणारा डेटा ठेवायची छोटी, वेगवान कॅश) १६ जीबीचं वापरलेलं मॉड्यूल स्वस्तात मिळतंय. अँड्रॉइड स्टुडिओ (अ‍ॅप बनवायचा प्रोग्राम) उघडला की मशीन अक्षरशः गुडघे टेकतं. मला वाटतं घेऊन टाकावं, वेग वाढेलच. तुमचं काय मत?

जुनाजाणता: साफ असहमत. ही कॅशची कल्पना हार्ड डिस्कसाठी आली. २०११ साली इंटेलने झेड-६८ चिपसेटबरोबर स्मार्ट रिस्पॉन्स आणलं, त्यात कॅशला ६४ जीबीची मर्यादा होती. एसएसडी महाग होत्या म्हणून मोठी डिस्क आणि पुढे छोटी एसएसडी अशी जोडी जमवायचे. हार्ड डिस्कला डोकं सरकवून जागा शोधायला दहाएक मिलिसेकंद लागतात, ते वाचायचे. तुमच्याकडे सरकणारं डोकंच उरलेलं नाही. शिवाय हे १६ जीबीचं मॉड्यूल सेकंदाला जेमतेम १४५ एमबी लिहितं. तुमची साटा एसएसडी ५००च्या आसपास लिहीत असेल.

तळघर: दादा, एमबीचे आकडे इथे लागू नाहीत. प्रोग्राम उघडताना ४ केबीचे बारके तुकडे एकामागून एक वाचले जातात. तिथे प्रत्येक तुकड्याला लागणारा वेळ महत्त्वाचा. ऑप्टेन दहाएक मायक्रोसेकंदात उत्तर देतं, साटा एसएसडीला त्याच्या कितीतरी पट लागतात. मी स्वतः साटा एसएसडीपुढे ३२ जीबीचं लावलंय. सकाळी पहिल्यांदा प्रोजेक्ट उघडताना काही कळत नाही, पण तोच दुसऱ्यांदा उघडला की फरक जाणवतो. आणि एसएसडीला कॅश निरुपयोगीच असती तर २०१९मध्ये इंटेलने एच-१० काढलंच नसतं. त्यात एकाच कार्डावर ऑप्टेन आणि एसएसडी दोन्ही होते.

जुनाजाणता: एच-१०मधली एसएसडी क्यूएलसी (स्वस्त, दाट साठवणीची) होती, लिहिताना दमणारी, म्हणून तिला टेकू हवा होता. २०२२मध्ये इंटेलने ऑप्टेनचा धंदाच गुंडाळायला घेतला. माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. मावसभावाच्या लॅपटॉपमध्ये अशी जोडी होती. बॅटरी बदलताना बायोस (मशीनच्या मूळ सेटिंग्ज) रीसेट झालं, डिस्कचा मोड जोडीवरून साध्या एएचसीआयवर गेला आणि विंडोज उठेना. डिस्क काढून एन्क्लोजरमध्ये (दुसऱ्या मशीनला बाहेरून जोडायच्या डबीत) घातली तर मुलीच्या बारशाचे फोटो असलेलं फोल्डर उघडेना, कारण थोडा डेटा मॉड्यूलमध्येच अडकलेला. डिस्क परत जागेवर बसवून मोड पूर्ववत केला, तेव्हा कुठे फोटो दिसले. मग आधी जोडी रीतसर तोडली. ती रात्र मी विसरलेलो नाही.

दुपारची_पाळी: भटका, स्टुडिओ आणि एमुलेटर (संगणकावर चालणारा नकली फोन) चालू ठेवून टास्क मॅनेजर बघा. मेमरी किती टक्के?

भटका_कोडर: ९३! आणि एमुलेटर सुरू झाला की डिस्क १००वर जाऊन तिथेच बसते.

दुपारची_पाळी: मग दुखणं रॅमचं आहे. न मावलेला पसारा विंडोज एसएसडीवर टाकतंय. मागचं झाकण उघडून रॅमचा दुसरा स्लॉट बघा.

भटका_कोडर: उघडलं. स्लॉट रिकामा आहे. आठची डीडीआर-४ स्टिक घेतो, ऑप्टेनचा विचार सोडला.

तळघर: रॅम आधी, हे मलाही मान्य. पण पुढेमागे लिनक्सवर गेलात तर ते मॉड्यूल नुसतं स्वॅपला (रॅममध्ये न मावलेला पसारा ठेवायच्या जागेला) द्या. जोडी नाही, त्यामुळे मेलं तरी फाइली सुरक्षित. एवढ्यापुरता मी माझ्या मतावर ठाम आहे.

जुनाजाणता: स्वॅपला माझी हरकत नाही. फक्त घेण्याआधी तुमचा एम-डॉट-टू स्लॉट पीसीआयई (ऑप्टेनला लागणारी वेगवान जोडणी) आहे का ते मॉडेल नंबरवरून बघा. बऱ्याच लॅपटॉपांत तो साटापुरताच असतो. मॉड्यूल खाचेत नीट बसतं, स्क्रूही लागतो, पण बायोसमध्ये दिसत नाही.