इंग्रजी 'रन'चं क्रोएशियन: शब्दसूचीत एकच पर्याय असावा का?

शब्दपारखी
इंग्रजी-क्रोएशियन कामांच्या शब्दसूचीत 'रन'समोर एकच क्रियापद ठोकून देतात, बहुधा 'पोक्रेनुती', म्हणजे सुरू करणे. ही पद्धत बंद व्हावी असं माझं मत आहे. 'रन' दिसला की आधी कर्ता कोण ते बघावं, मग कर्म आहे का ते बघावं. पर्याय त्यावरून ठरतो.

माणूस पळत असेल तर 'तर्चाती'. नदी किंवा पाणी असेल तर 'तेची'. मोटर, फ्रिज, पंप यांना 'रादी', म्हणजे शब्दशः 'काम करतो'. (मराठीत यंत्र चालतं म्हणून आपला हात 'होदाती'कडे जातो, पण ते निव्वळ पायांनी चालणं.) बस दर दहा मिनिटांनी 'वोज़ी'. कंपनी चालवणं 'वोदिती', पण कॅफे चालवणाऱ्याबद्दल बोलताना 'दर्झी', म्हणजे 'ठेवून आहे', असंही सर्रास म्हणतात. निवडणुकीला उभं राहणं 'कांदिदिराती से'. मोज्याचा टाका सुटून रेघ गेली तर 'पोब्येग्ला ओचित्सा', टाका पळून गेला! पळण्याची कल्पना टिकली ती इथे, आणि तीही वेगळ्याच क्रियापदात.

नाक आणि नळ यांत फार गफलत होते. वाहत्या नाकाला 'त्सुरी मी नोस' म्हणतात. तेच क्रियापद नळाला लावून 'स्लाविना त्सुरी' लिहिलं, तर अर्थ होतो नळ गळतोय, वॉशर बदला. नळ सोडलेला असेल तर कर्ता पाणी करायचा आणि क्रियापद 'तेचे' घ्यायचं.

उच्चारासाठी: 'त्सुरी'तला 'त्स' हा आपल्या 'चमचा'तला च, आणि 'तर्चाती'तला च 'चहा'तल्या चच्या जवळचा. देवनागरीत फरक दाखवायला मला एवढंच जमतं.

रोखठोक
यादी छान आहे, पण कर्ता बघा हा सल्ला ज्यांच्यासमोर पूर्ण वाक्य आहे त्यांच्यासाठी. सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये चार हजार स्ट्रिंग (स्क्रीनवर दिसणारे मजकुराचे तुकडे) येतात, त्यात एका ओळीत फक्त 'रन'. कर्ता नाही, कर्म नाही, स्क्रीनचं चित्र नाही. तीन अनुवादक तीन शब्द लिहितात आणि एकाच मेनूत तीन नावं होतात. ठरलेला पर्याय हवाच. बटणावर 'पोक्रेनी', सूचनेच्या वाक्यात आदरार्थी 'पोक्रेनिते'. क्रोएशियन वापरणाऱ्याच्या नजरेला हेच सवयीचं आहे.

काठावरचा
@रोखठोक, तुमचा ठरलेला पर्याय पहिल्याच 'नाही'ला मोडतो. 'ही फाइल रन करा' याला 'पोक्रेनिते' बरोबर. 'रन करू नका' याला मात्र 'नेमोयते पोक्रेताती'. मनाईच्या आज्ञेत क्रोएशियन सहसा अपूर्ण रूप (चालू किंवा पुन्हा पुन्हा होणारी क्रिया) घेते; 'पोक्रेनिते' हे पूर्ण रूप (एकदाच पुरी होणारी क्रिया). 'सुरुवात करणे' या अर्थाच्या 'पोचेती'नंतर तर अपूर्ण रूपच लागतं, पूर्ण रूप तिथे सरळ चूक. म्हणजे सूचीत एक शब्द नाही, जोडी हवी: पोक्रेनुती आणि पोक्रेताती.

याहून मोठा घोळ स्थिती दाखवणाऱ्या ओळीत होतो. 'रनिंग'चं 'पोक्रेचे से' केलेलं दिसतं. त्याचा अर्थ 'सुरू होत आहे'. प्रोग्रॅम तासभर चालू असला तरी वापरणाऱ्याला वाटतं, अजून सुरूच होतोय, अडकला बहुतेक. आणि तो बंद करून टाकतो. तिथे 'इज़्वोदी से' किंवा 'उ तियेकु' हवं.

रोखठोक
जोडीचं मान्य. सूचीत दोन्ही रूपं लिहू, पूर्ण-अपूर्ण अशी खूणही करू. पण म्हणून सूचीच नको हे पटत नाही. कर्ता बघून ठरवायचं तर ट्रान्सलेशन मेमरी (आधीचे अनुवाद साठवून तीच ओळ पुन्हा आली की आपोआप भरणारी सोय) ठेवायची कशाला?

शब्दपारखी
मेमरीचंच उदाहरण घ्या. व्यायामाच्या ॲपमध्ये 'रन' हे नाम असतं, एक धाव, तिथे 'तर्चान्ये' पाहिजे. मेमरी शंभर टक्के मॅच दाखवून 'पोक्रेनी' भरते, आणि शंभर टक्के म्हटल्यावर कुणी उघडून बघत नाही. उपाय मूळ फाइलमध्येच करावा लागतो. गेटटेक्स्ट या अनुवादाच्या प्रणालीत मूळ ओळ आणि तिचा अनुवाद ज्यात असतो त्या पीओ फाइलमध्ये प्रत्येक स्ट्रिंगला संदर्भाची वेगळी ओळ देता येते. तिथे 'बटण', 'स्थिती', 'नाम, व्यायाम' एवढं लिहिलं की एकच इंग्रजी शब्द तीन वेगळ्या नोंदी होतो. हे काम प्रोग्रॅमरचं, पण मागणी अनुवादकानं करायची. उत्तर येईपर्यंत ती ओळ कोरी ठेवावी.

रोखठोक
कोरी ओळ म्हणजे क्रोएशियन मेनूत एक इंग्रजी शब्द. क्लायंट चुकीचं क्रोएशियन एक वेळ खपवून घेतो, उघडं इंग्रजी नाही. मी 'पोक्रेनी' लिहून शंका नोंदवीन.

आडवाटेने
दोघेही बटणातच अडकलात. 'रन'ला शब्दयोगी ('आउट'सारखा छोटा शब्द) जोडला की क्रोएशियनमध्ये ते काम क्रियापदाच्या उपसर्गावर जातं: धावत येणं 'दोतर्चाती', धावत बाहेर पडणं 'इस्तर्चाती', धावत ओलांडणं 'प्रेतर्चाती'. पण 'दूध संपलं' अशा अर्थाच्या 'रन आउट'ला 'इस्तर्चाती' लिहिलंत तर दूध दारातून धावत सुटेल. तिथे 'नेस्तालो ये म्लियेका': दूध षष्ठीत आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात, कर्ताच नाही. शब्दपारखींची कर्ता शोधण्याची युक्ती इथे लंगडी पडते, कारण इंग्रजीतला 'आपण' हा कर्ता क्रोएशियनमध्ये उरतच नाही.

आणि 'वोज़ी' हे बोलण्यातलं. रेल्वेच्या अधिकृत सूचनेत 'प्रोमेतुये' असतं. प्रवाशांच्या ॲपला पहिलं, वेळापत्रकाच्या तळटीपेला दुसरं.

काठावरचा
निवडणुकीबद्दल एक पुरवणी. क्रोएशियन बातम्यांत 'उतर्का', म्हणजे शर्यत, हे नाम राजकारणात रुळलंय; राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला 'पान्तोव्चाकची शर्यत' म्हणतात, कारण राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय झाग्रेबच्या त्या भागात आहे. पण तेवढ्यावरून क्रियापदही 'तर्चाती' घेऊ नका. 'कांदिदिराती से'चा फायदा असा की पूर्ण-अपूर्ण दोन्हींना एकच रूप चालतं, जोडी शोधावी लागत नाही.

शब्दपारखी
@आडवाटेने, 'रन आउट'चा मुद्दा बरोबर. माझ्या दोन प्रश्नांच्या आधी तिसरा घालतो: 'रन'ला शब्दयोगी चिकटलाय का? चिकटला असेल तर ती वेगळी नोंद, 'रन'खाली शोधायचीच नाही. @रोखठोक, 'पोक्रेनी' लिहिणार असाल तर ती ओळ मेमरीत 'तपासलेली' म्हणून जाऊ देऊ नका. पीओ फाइलमध्ये 'फझी' (अनुवाद अजून तपासायचा आहे) ही खूण त्यासाठीच असते.