लॅमिनेटेड भिंत आणि दारावरचं सील
फिफ्थ व्हीलबद्दल, म्हणजे पिकअप ट्रकला जोडून ओढायच्या फिरत्या घराबद्दल, 'लॅमिनेटेड फायबरग्लासची भिंत असली की बांधणी पक्की' असं कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. थर गोंदाने चिकटवून केलेली ही भिंत हलकी आणि ताठ होते खरी, पण छताच्या कडेतून किंवा खिडकीच्या सीलमधून पाणी शिरलं की गोंद सुटतो, फुगे येतात, आणि मग दुरुस्ती भलतीच महाग. वापरलेला फिफ्थ व्हील बघताना भिंतीकडे उन्हात तिरकं बघा, स्लाइडआउटच्या (थांबल्यावर बाहेर सरकवायच्या खोलीच्या भागाच्या) कोपऱ्यातली जमीन पायाने दाबून बघा.

आणि दारापाशी असतं ते आरव्हीआयएचं (अमेरिकेतल्या फिरत्या घरांच्या उद्योगाच्या संघटनेचं) सील, म्हणजे शिक्का, विक्रेते फार मिरवतात. ते वायरिंग, गॅस, प्लंबिंग, आग यांच्या सुरक्षा-नियमांपुरतं. सुतारकाम नीट झाल्याची हमी नव्हे. ब्रँड निराळे दिसले तरी बरेचसे इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपासच बनतात, खालची फ्रेमही पुष्कळदा लिपर्ट या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचीच!