आईच्या व्हिसासाठी पढवलेली उत्तरं नकोत

सावदेकर

रावेर-यावल पट्ट्यात मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत असलेली घरं आता बरीच झाली आहेत. तिकडे नातवंड झालं की इकडे आईच्या व्हिसाची धावपळ सुरू होते, आणि पहिला फोन जातो एजंटाला. माझा विरोध एजंटाला नाही, तो जी उत्तरं पाठ करून घेतो त्यांना आहे.

गावातल्या एका काकूंचं उदाहरण सांगतो. काका गेल्यापासून केळीची सगळी बाग त्याच बघतात. मजूर लावणं, खतं, व्यापाऱ्याशी भाव ठरवणं, सोसायटीचं कर्ज फेडणं, सगळं त्यांच्याकडे. सातबाऱ्यावर नाव त्यांचं. एजंटाने अर्जात व्यवसाय लिहिला 'गृहिणी'. वर शिकवलं, 'नातू झालाय हे बोलू नका, फिरायला चाललेय म्हणा.' मुंबईच्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीवर साहेबाने विचारलं, काय काय बघणार? काकूंना एका जागेचं नाव सांगता येईना. मग सून काय करते, घरात कोण कोण आहे, असं विचारल्यावर त्या गडबडल्या. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(ब) खाली नकाराचा कागद हातात आला.

हे कलम म्हणतं की पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिकडेच राहायला निघालाय असं धरून चालायचं. परत येणार हे त्यानेच पटवून द्यायचं. आता सांगा, परत येण्याचं कारण काकूंपेक्षा भक्कम कुणाकडे असेल? ज्या बाईवाचून घड कापायची तारीख ठरत नाही, तिला आपण 'गृहिणी' करून पाठवतो. आणि नातवाला बघायला जाणं हा गुन्हा आहे का? तो व्हिसा त्याच कामासाठी असतो.

धुळेकर

सावदेकर भाऊ, तुमचं म्हणणं ऐकायला चांगलं वाटतं, पण मला पटत नाही.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची. सातबारा, आठ-अ, पासबुक, घरपट्टीची पावती, सगळी फाईल नेली तरी बहुतेक वेळा साहेब तिला हात लावत नाही. म्हणजे जे काय आहे ते तोंडानेच सांगायचं. माझी आई चौथी शिकलेली. तलाठ्यासमोर उभी राहिली तरी तिचा आवाज बसतो. तिच्याजवळ सगळं खरं आहे, पण ते खरं दोन मिनिटांत मांडायचं कसं? शिकवायला नको?

आणि व्हिसाच्या अर्जाचा तो डीएस-१६० फॉर्म बघितलाय ना? सगळा इंग्रजीत, मध्ये थांबलात तर बंद पडतो. आईचं माहेरचं नाव वेगळं, सासरी आल्यावर बदललेलं वेगळं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. जन्मतारीख गुरुजींनी टाकलेली १ जून. हे सगळं एका ओळीत आणायला माहितगार माणूस लागतो. मुलगा तिकडे रात्रपाळी करून फोनवर किती सांगणार? फी १८५ डॉलर, नकार आला तरी परत मिळत नाही, अपीलही नाही. पुन्हा फी, पुन्हा तारीख, पुन्हा बोटांचे ठसे एका दिवशी आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी. धुळ्याहून मुंबईला म्हातारं माणूस किती वेळा न्यायचं? एजंट हौस म्हणून नाही लावत कुणी.

सावदेकर

धुळेकर, फॉर्म भरून घ्यायला माझी ना नाहीच. फॉर्ममध्येच प्रश्न आहे की अर्ज भरायला कुणी मदत केली का. तिथे 'हो' लिहून मदत करणाऱ्याचं नाव द्यायचं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. माहेरचं नाव 'इतर नावं' मध्ये टाकायचं, पासपोर्टवर जशी जन्मतारीख असेल तशीच.

पण लिहिलेल्या प्रत्येक उत्तराची जबाबदारी तुमच्या आईवर येते, एजंटावर नाही. २१४(ब) चा नकार कायमचा नसतो, परिस्थिती मांडून पुन्हा अर्ज करता येतो. खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसला तर मात्र ती बंदी जन्मभराची. एजंट पैसे घेऊन पुढच्या गिऱ्हाईकाकडे जातो, आणि नातवाच्या मुंजीला, लग्नाला आई जाऊ शकत नाही. शिकवा ना आईला, जरूर शिकवा. घरी समोर बसवून विचारा: कुणाकडे चाललीस, किती दिवस, तू काय करतेस, इथे कोण आहे? ती जे बोलेल तेच तिला धीटपणे बोलू द्या. 'नातवाले पाह्यले चालली, कापणीच्या आंधी परत येते', एवढं पुरे आहे.

तापीकाठची लेक

तुम्ही दोघंही व्हिसा कसा मिळवायचा यावर भांडताय. आईला जायचंय का, हे कुणी विचारलंय?

मी आठ-नऊ वर्षं न्यू जर्सीत आहे. इथे आलेल्या किती आया बघितल्या. दाराला कुलूप, मुलगा-सून कामावर, बाहेर बर्फ. आपल्याकडे ती दिवसभरात दहा जणींशी बोलते, ओट्यावर बसून ज्वारीच्या बिबड्या (पापड) घालते. इथे दिवसभर मूल आणि भिंती. पाळणाघर महाग म्हणून आईला सहा महिने बोलावणारे लोक माझ्या ओळखीत आहेत आणि मला त्यांचा राग येतो. आईला पाहुणी म्हणून बोलवा. तिचा व्हिसा पाहुणीचा आहे, कामाचा नाही.

दुसरं, औषधपाणी. पाहुण्यांना अमेरिका विम्याची सक्ती करत नाही, म्हणून कित्येक जण घेतच नाहीत. घेतला तर स्वस्तातला, ज्यात बीपी-शुगरसारखं जुनं दुखणं धरलेलंच नसतं. फार तर ते अचानक उफाळलं तर मर्यादित रक्कम मिळते. एका रात्रीच्या दवाखान्याचं बिल इथल्या घराची बचत खाऊन टाकतं. ते आईला कळलं की ती स्वतःलाच दोष देत बसते. पॉलिसीचं बारीक अक्षर वाचा, मगच तिकीट काढा.

अमळनेरकर

ताई, सगळ्यांना एका मापाने मोजू नका. आम्ही दोघं जाऊन आलो. नातीला मांडीवर घेऊन अहिराणी ओव्या म्हटल्या, रोज सकाळी बागेत फिरलो, तिथे तेलुगू आणि पंजाबी आजी-आजोबांशी मैत्री झाली. आमची सौ. पुन्हा जायला आजही तयार आहे. आईला काय झेपेल ते तुम्ही परदेशात बसून ठरवू नका.

मात्र धुळेकरांच्या एका मुद्द्याला माझा पाठिंबा आहे. मी निवृत्त शिक्षक. 'पेन्शन आहे' म्हटल्यावर मला पुढे काही विचारलं नाही. माझ्या धाकट्या भावाकडे माझ्यापेक्षा जास्त मालमत्ता, पण ती सगळी जमिनीत आणि विहिरीत. कापसाचं उत्पन्न एका वर्षी बरं, एका वर्षी नाही. प्राप्तिकराचा कागद नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकरच नाही. त्याला नकार. तो खरंच बोलला होता. मग खरं बोलून काय मिळालं त्याला? सावदेकर, तुमच्या सांगण्यात शेतकऱ्यावर होणारा हा अन्याय येत नाही.

सावदेकर

गुरुजी, अन्याय आहे, मान्य. पगारदाराची चिठ्ठी त्या खिडकीवर चटकन कळते, कोरडवाहू-बागायत कळत नाही. म्हणूनच तर शेती आकड्यांत सांगायची सवय लावली पाहिजे: एकर किती, पीक कोणतं, गेल्या हंगामात किती विकलं, माल कुठल्या बाजार समितीत गेला. बँकेतली उलाढाल वर्षभराची दाखवा. महिनाभर आधी पाहुण्यांकडून उसने घेऊन खात्यात टाकलेले दहा लाख दाखवू नका. त्या खात्याकडे बघून कुणालाही कळतं. आणि खर्च मुलगा करणार असेल तर 'मुलगा करणार' म्हणा, त्यात कमीपणा कसला? फक्त मुलाच्या पत्रावर व्हिसा मिळत नाही, आईचं इथलं घर-शेत-माणसं बघितली जातात.

शहादेकर

अमेरिकेचंच काय धरून बसलात. माझा मुलगा कॅनडात आहे. तिथे आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे. एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. अट अशी की मुलाचं उत्पन्न ठरलेल्या पातळीच्या वर हवं, वैद्यकीय तपासणी हवी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा विमा हवा. विम्याचा हप्ता वय बघून चांगलाच बसतो, पण दवाखान्याची धास्ती उरत नाही. मुलाला तिकडचं कायम वास्तव्य किंवा नागरिकत्व मिळालेलं असेल तरच हे चालतं.

तापीकाठची लेक

पाच वर्षं! शहादेकर काका, काकू पाच वर्षं राहिल्या तर सणाला कानबाई देवीचे रोट कोण करणार? माझा प्रश्न तोच आहे: मुदत जास्त मिळते म्हणून जास्त ठेवायचं का? आमच्या ओळखीत एकांनी अमेरिकेत विमानतळावर मिळालेल्या मुदतीपेक्षा आईला जास्त ठेवलं. व्हिसा दहा वर्षांचा आहे ना, म्हणत. व्हिसाची तारीख वेगळी आणि आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरची राहण्याची तारीख वेगळी. त्या माउलीचा व्हिसा बाद झाला.

धुळेकर

हे मात्र आमच्या एजंटाने कधी सांगितलं नव्हतं. आईचा अर्ज अजून दाखल केलेला नाही. व्यवसायात तिची शेतीच लिहीन, जमीन तिच्याच नावावर आहे. पण सराव मी करून घेणारच, आणि तोही एकदा नाही. सावदेकर भाऊ, खिडकीवर पोचल्यावर घशाला कोरड पडते ती तुमच्या लिहिण्याने जाणार नाही. मुलाखत मराठीत देता येते का?

सावदेकर

येते. मुंबईला मराठीची सोय आहे. मोबाइल आत नेऊ देत नाहीत. त्यामुळे मुलाचा पत्ता, फोन नंबर आणि कंपनीचं नाव आईला तोंडपाठ नसेल तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. आदल्या रात्रीच्या गाडीने थेट मुलाखतीला नेऊ नका, कल्याण-डोंबिवलीत कुणी नातलग असतील तर त्यांच्याकडे एक मुक्काम करा. आणि सराव घ्याल तेव्हा एक प्रश्न माझ्याकडून विचारा: 'तुम्ही नसताना शेत कोण बघणार?' याचं उत्तर त्यांचं त्यांनाच देऊ द्या.