नऊ जणांचा बेदाणा आणि एक सामाईक नोंदवही: मालकी कुणाची, त्यात लिहायचं किती?

बेदाणा_तासगाव (प्रश्न)

नमस्कार. तासगावात आमचं बेदाणा वॉशिंग आणि प्रतवारीचं युनिट आहे. हिशेब, पावत्या, स्टॉक मी बघते. आम्ही नऊ जण एकमेकांच्या आधाराने धंदा करतो: नागज-जुनोनी भागातले द्राक्षं सुकवून बेदाणा करणारे पाच शेडवाले, आम्ही, एक कोल्ड स्टोरेज आणि बाहेरगावी माल पाठवणारे दोन व्यापारी. कुणी कुणाचा भागीदार नाही, पण एकाचं अडलं की सगळ्यांचं अडतं.

गेल्या मार्चमध्ये एका खरेदीदाराने बेदाण्यात गंधक किती आहे त्याचा लॅब रिपोर्ट मागितला. रिपोर्ट होता, पण शेडवरून आलेल्या मालाच्या नमुन्याचा. तो माल आमच्याकडे धुतला, काडी निघाली, जाड-मध्यम-बारीक असा तीन प्रतींत फुटला, आणि त्यातला जाड माल ऑर्डर भरण्यासाठी दुसऱ्या शेडच्या मालात मिसळला. मग तो रिपोर्ट नेमका कुठल्या बॉक्सचा? शेडवाल्याच्या वहीत एक नंबर, आमच्या टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) दुसरा, कोल्डच्या पावतीवर तिसरा. मी आणि दिवाणजी तीन दिवस कागद जुळवत होतो. त्यातच कोल्डच्या हिशेबाने ३४० बॉक्स निघाले आणि आमच्या हिशेबाने ३५२. १५ किलोच्या बॉक्सने १८० किलोचा फरक. शेवटी कळलं की १२ बॉक्स पुन्हा धुवायला परत आणले होते आणि त्याची चिठ्ठी ड्रायव्हरच्या खिशात राहिली होती. तोवर सौदा गेला. दोन शेडवाले महिनाभर एकमेकांशी धड बोलत नव्हते, त्याचं मला सौद्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

आता सगळ्यांची एकच यंत्रणा करावी असं ठरतंय. दोन सॉफ्टवेअरवाल्यांनी डेमो दिले. दोघांचं म्हणणं, खरेदी, दर, येणं-देणं सगळं त्यात भरा. व्यापारी तयार नाहीत. कोल्डवाले म्हणतात, आमच्याच कॉम्प्युटरवर ठेवा. शेडवर मोबाइलला रेंज नसते. कुणी असं काही उभं केलंय का? सुरुवात कुठून करू?

जमाखर्च_सांगली

ताई, डेमो दोन महिने बाजूला ठेवा. आधी नऊ जणांनी बसून "एक लॉट म्हणजे काय" एवढंच ठरवा. तुमचे तीन नंबर जुळले नाहीत कारण तिघे तीन वेगळ्या गोष्टी मोजत होते.

माझा सल्ला असा. लॉट नंबरात प्रत, रंग, दर काही घालू नका. प्रत बदलते, आणि बदलली की नंबर खोटा ठरतो. शेडचा कोड, हंगाम, अनुक्रमांक, बस्स. वॉशिंगनंतर माल फुटला की प्रत्येक प्रतीला नवा नंबर द्या आणि तो कुठल्या लॉटमधून आला ते लिहा. दोन लॉट मिसळले तर नव्या लॉटपुढे दोन्ही जुने नंबर, प्रत्येकाच्या वजनासह. मिसळलेल्या मालाला जुने दोन्ही रिपोर्ट जोडून दाखवता येतात, पण खरेदीदाराला नेमका आकडा हवा असेल तर मिसळल्यानंतरचा नमुना पुन्हा तपासायला लागतो. हे आधीच मान्य करा. वॉशिंगमधली घट आणि काडी हीसुद्धा वजनासह नोंद हवी, नाहीतर बेरीज कधीच लागणार नाही. चुकलेली नोंद खोडायची नाही, आपण वहीत करतो तशी उलट नोंद करायची.

रेंजचं उत्तर छापखान्यात आहे. प्रत्येक शेडला हंगामाआधी नंबर छापलेल्या स्टिकरची पुस्तकं द्या. नंबर आधीच ठरलेला असल्याने शेडवर नेट लागत नाही. नोंद संध्याकाळी नागजला आल्यावर भरली तरी चालते. फक्त माल हलल्याची वेळ आणि नोंद भरल्याची वेळ वेगवेगळी ठेवा.

मालकीचं म्हणाल तर ग्रेपनेट आठवा. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश सापडले आणि पुढे अपेडाने (शेतमाल निर्यातीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) ती माग काढण्याची यंत्रणा आणली. बागेच्या नोंदणीपासून लॅब, पॅकहाउस, फायटो प्रमाणपत्रापर्यंत (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) सगळं एका साखळीत. ती टिकली कारण तिच्याशिवाय युरोपचा कंटेनर निघत नाही, आणि अपेडा स्वतः द्राक्षं विकत नाही. यातली पहिली गोष्ट, म्हणजे सक्ती, तुमच्याकडे नाही, म्हणून निदान दुसरी सांभाळा: नोंदवही धंद्यातल्याच कुणा एकाच्या हातात नको. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये जहाजी मालाच्या कागदपत्रांसाठी ट्रेडलेन्स सुरू केलं. बाकीच्या मोठ्या जहाज कंपन्यांना पहिली शंका हीच होती की आपली माहिती स्पर्धकाच्या घरात का ठेवायची. पुढे त्यातल्या काही आल्याही, पण सगळ्या व्यवसायाचं सहकार्य मिळालं नाही असं सांगून नोव्हेंबर २०२२ मध्ये ते गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. कोल्डवाल्यांचा हेतू चांगला असेल, तरी नोंदवही त्यांच्या कॉम्प्युटरवर नको. स्विफ्ट ही बँकांमधली निरोपयंत्रणा १९७३ साली १५ देशांतल्या २३९ बँकांनी सहकारी संस्था म्हणून काढली होती. सहकार सांगलीला शिकवायची गरज नाही.

कुपवाड_वर्कशॉप

आमचा अनुभव सांगतो, वेळेवर उपयोगी पडेल. आम्ही चार कारखान्यांनी मिळून धातूतल्या घटकांचं प्रमाण तपासायचं स्पेक्ट्रोमीटर घेतलं होतं. पैसे सारखे घातले, मशीन ज्याच्याकडे जागा होती त्याच्याकडे ठेवलं. त्याचा ऑपरेटर, त्याची वीज. सहा महिन्यांत त्याचे नमुने आधी आणि आमचे नंतर असं व्हायला लागलं. त्याचंही चुकत नव्हतं, पगार तोच देत होता. पुढे कॅलिब्रेशनचा खर्च आला तेव्हा कमी वापरणारे दोघे म्हणाले, आम्ही का भरू? मशीन आज झाकून ठेवलंय. खरेदीचे पैसे आम्ही एका बैठकीत गोळा केले होते, दरवर्षीच्या खर्चावर कधी बैठकच झाली नाही.

ताई, सांभाळणारा माणूस नऊ जणांचा पगारी ठेवा, कुणा एकाचा नको. ठरावीक वर्गणी थोडी, बाकी बॉक्समागे. आणि एखाद्याला बाहेर पडायचं असेल तर त्याच्या नोंदी तो कशा घेऊन जाईल, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहा. तेव्हा सगळे गोड असतात.

माल_बाहेरगावी

मी व्यापारी बाजूचा, म्हणून स्पष्ट बोलतो. माझा खरेदीदार कोण आणि दर काय हे शेडवाल्यांना दिसलं तर पुढच्या हंगामात माझी गरज संपली. पण कुठला माल, किती, कुठे आहे हे मला रात्री दहा वाजता फोन न करता दिसलं तर मी वर्गणी आनंदाने भरेन. नंबर, वजन, जागा, तारीख, रिपोर्ट. एवढ्यावर थांबा, मी तयार आहे. कोल्डच्या पावतीवर कर्ज काढलेला माल असेल तर "बोजा आहे" एवढी खूण मात्र हवी. कुठल्या बँकेचं, किती, ते नको. बोजा असलेला माल माझ्या गाडीत चढला की निस्तरायला मीच असतो.

बेदाणा_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. बोजाची खूण माझ्या डोक्यातच नव्हती. कुपवाडच्या दादांचा निरोप काल कोल्डवाल्यांना वाचून दाखवला. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, पगारी माणूस ठेवा, बसायला खुर्ची आमच्या गेटच्या वजनकाट्यापाशी देतो. त्यामुळे परत जाणाऱ्या बॉक्सची नोंदही तिथेच होईल.

पहिल्या हंगामात दोन शेड, आम्ही, कोल्ड आणि एक व्यापारी, एवढेच. दर नाही, खरेदीदार नाही. स्टिकरचं पहिलं पुस्तक छापायला टाकलंय. पाणी लागलं तर शाई उतरते का ते आधी आमच्याच वॉशिंगवर बघणार आहे. घटीवर अजून एकमत नाही: शेडवाले म्हणतात धुण्याआधीचं वजन धरा, मी म्हणते दोन्ही लिहा. रविवारी बसतोय. ठरलेला नमुना इथे टाकते, चुका काढा.